नॉर्मनच्या वाफ्यात अडकलेलं घर

कॅलम थर्लवेलने एल्म टेरेसवरचं घर मार्चमध्ये पाहिलं, मार्चमध्येच पसंत केलं, मार्चमध्येच बोली लावली. मालकाने ती मान्य केली, हात मिळवला आणि "जूनमध्ये राहायला या" असंही सांगितलं. कुठल्या सालच्या जूनमध्ये, ते त्या भल्या माणसाने सांगितलं नव्हतं. अर्धा ऑगस्ट सरला तरी कॅलम आणि त्याची बायको होली तिच्या आईच्या घरीच होते. होलीच्या लहानपणीच्या खोलीत, भिंतभर चिकटवलेल्या घोड्यांच्या चित्रांखाली, शाळकरी मुलीसाठी घेतलेल्या पलंगावर दोघं झोपत. एकाने कूस बदलली की दुसऱ्याला कळवावं लागे.

एरवी कॅलम म्हणजे वजनदार माणूस. ब्रॅनफर्डच्या नगरपालिकेत गाड्या उभ्या करण्याचे परवाने तो देतो. 'आपला अर्ज विचाराधीन आहे' हे वाक्य त्याच्या सहीने गावात घरोघर पोचलेलं आहे. असा माणूस रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघराबाहेर ताटकळत उभा असायचा, आणि आतून सासूबाईंचा, म्हणजे मॉरीनचा, आवाज यायचा, "दोनच मिनिटं हं, राजा." मॉरीनची दोन मिनिटं हे वेगळंच माप होतं. तिने कधी एका शब्दाने दुखावलं नाही, हे खरं. पण घरजावयाला दुखायला शब्द लागत नाहीत. "तुझे मोजे मी धुऊन ठेवलेत" एवढ्यावरही त्याचं भागतं.

आता ते घर रिकामं का होत नव्हतं? तर साखळी. एल्म टेरेसच्या त्या घरात राहणाऱ्या बॅनिस्टर जोडप्याला जुळी झाली होती आणि त्यांना मोठं घर हवं होतं. ते मोठं घर मिस फेनविक या पियानो शिकवून निवृत्त झालेल्या बाईंचं. बाईंचे गुडघे गेलेले, म्हणून त्यांना जिना नसलेलं बैठं घर हवं होतं. ते बैठं घर क्वारी लेनवरच्या कुणा डॉड्स आजोबांचं, आणि आजोबा जाणार होते समुद्रकाठी, बसने अर्ध्या तासावर राहणाऱ्या मुलीकडे. आजोबा हलले की फेनविकबाई हलणार, त्या हलल्या की बॅनिस्टर, आणि ते हलले की कॅलम-होली. पंगतीत सगळी पानं वाढून झालीत, वरण निवतंय, आणि पहिल्या पानावरचे आजोबा काही भाताला हात घालत नाहीत, असा तो प्रकार. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना नेहमी शेवटच्या पानावर बसवतात. तिथून पुढचं काही दिसत नाही.

बरं, आजोबांना जाऊन विचारावं, तर तशी पद्धत नाही. या देशात शेजाऱ्याच्या छपराला आग लागली तरी आधी "त्रास देतोय, माफ करा" म्हणून मगच सांगतात. घराच्या व्यवहारात तर माणसाने माणसाशी बोलायचंच नसतं. वकिलाने वकिलाला लिहायचं, त्या वकिलाने पुढच्या वकिलाला, आणि आपण वाट बघायची. कॅलमच्या वकीलबाई दर आठवड्याला "काही कळलं की कळवते" असं कळवायच्या. ते वाचून कॅलमला आयुष्यात प्रथमच परवान्यासाठी खोळंबलेल्या लोकांबद्दल माया वाटली. ती दोन दिवस टिकली.

नाही म्हणायला मे महिन्यात वरून एक निरोप झिरपला होता. डॉड्स यांच्या वकिलांनी लिहिलं होतं, "विक्रेत्याच्या काही हंगामी अडचणी आहेत." हंगामी म्हणजे काय, हे विचारण्याऐवजी फेनविकबाईंच्या वकिलांनी त्यावर विचार केला आणि भिंतींना ओल असणार, असं ठरवलं. झालं. सगळा जून ओलीत गेला. एक माणूस यंत्र घेऊन त्या बैठ्या घराच्या भिंतींना टोचून आला. भिंती ठणठणीत कोरड्या निघाल्या. इतकी कोरडी भिंत संशयास्पद आहे म्हणून जुलैत दुसरा माणूस गेला. तोही कोरडाच परत आला.

दरम्यान सल्ल्यांचा तुटवडा नव्हता. मॉरीनच्या शेजारी कीथ पॅटिन्सन राहतो. ज्या घरात जन्मला त्याच घरात तो आजतागायत आहे, त्यामुळे घर बदलण्याबाबतचा त्याचा अभ्यास दांडगा. कॅलम कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेला की कुंपणापलीकडून कीथचं डोकं वर यायचं.

"अजून इथेच का रे?"

"अजून इथेच."

"सोडून दे ते घर. नवीन फ्लॅट घे. छपराची कटकट नाही."

दुसऱ्या दिवशी तेच डोकं म्हणायचं, "फ्लॅट मात्र घेऊ नकोस हं. वरच्या मजल्यावर कुणीतरी ढोल शिकतंच." आणि दोन्ही दिवशी शेवट एकच असायचा, "कुंपणावर एवढा झुकू नकोस, बाबा. इकडे माझे लीक आहेत."

लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा धिप्पाड चुलतभाऊ. बाकीचं इंग्लंड त्याचं सूप करून पितं. ब्रॅनफर्डमध्ये मात्र त्याचं संगोपन होतं. खोल वाफा खणायचा, त्यात काय काय घालायचं ते बायकोलाही सांगायचं नाही, उन्हापावसात वर आडोसा धरायचा, संध्याकाळी थोडी बिअर पाजायची, आणि सप्टेंबरात मनगटापेक्षा जाड झालेली ती पोरं क्लबातल्या प्रदर्शनात नेऊन मांडायची. प्रदर्शनाच्या आधीचे दिवस वाईट. कुणीतरी वाफ्यात शिरून वैऱ्याचे लीक कापून जातं. गावात शेवटचा खून कधी झाला ते कुणाला सांगता येणार नाही, पण कुणाचे लीक कुठल्या साली कापले गेले, ते शेंबड्या पोरालाही पाठ आहे.

कॅलमला या सगळ्यात काडीचा रस नव्हता. त्याला घर हवं होतं, आणि त्याच्या कर्जमंजुरीची मुदत ऑगस्टबरोबर संपत होती. म्हणून त्या शनिवारी तो आणि होली नदीकाठच्या नव्या इमारतीत फ्लॅट बघायला गेले. टोकदार बुटांचा एजंट ब्रॅडली त्यांना घेऊन फिरला. फ्लॅट स्वच्छ होता. स्वयंपाकघरात परडीभर लिंबं होती, ती प्लास्टिकची निघाली.

"मुख्य म्हणजे साखळी नाही," ब्रॅडली म्हणाला. "तीन आठवड्यांत चावी हातात. फक्त सोमवारी दुपारपर्यंत सांगा. आणखी एक जोडपं रांगेत आहे."

ते आणखी एक जोडपं जगातल्या प्रत्येक फ्लॅटच्या रांगेत असतं. त्यांना अजून कुणी पाहिलेलं नाही.

परतताना गाडीत होलीने बूट काढून पाय वर घेतले.

"कसा वाटला?" कॅलमने विचारलं.

"छान आहे."

"छान म्हणजे?"

"छान म्हणजे छान. भिंती सरळ आहेत."

"एल्म टेरेसच्या भिंती कुठे सरळ आहेत?"

"नाहीतच," होली म्हणाली आणि बाहेर बघत राहिली. त्या घराच्या स्वयंपाकघरात खिडकीला रुंद कट्टा आहे. पहिल्यांदा घर बघायला गेले तेव्हा ती त्यावर जाऊन बसली होती ती उठेचना. मिसेस बॅनिस्टरने शेवटी तिला चहा दिला होता. आता होली म्हणाली, "कॅलम, मी थकले रे आता. सोमवारी हो म्हणून टाकू."

कॅलमने मान हलवली. बायकोने रडून मागितलं असतं तर त्याने समजूत घातली असती. तिने मुकाट्याने सोडून दिलं, हे त्याला सोसेना.

रविवारी दुपारी मॉरीनने त्याला तिच्या बहिणीकडून कुंपण छाटायची कात्री आणायला पाठवलं. हातभर लांब पात्यांची ती कात्री घेऊन परतताना त्याची गाडी क्वारी लेनकडे वळली. ती आपोआप वळली, असं त्याने पुढे सगळ्यांना सांगितलं. त्याला फक्त बघायचं होतं. सहा महिने आपल्याला अडवून धरणारं घर दिसतं तरी कसं, एवढं बघायचा माणसाला हक्क असावा. गाडीची काच उघडी होती, तशीच कात्री टाकून जाणं बरं नव्हे, म्हणून जबाबदार नागरिकाप्रमाणे त्याने ती हातात घेतली. पुढून काही दिसेना म्हणून तो मागच्या गल्लीत गेला. तिथेही दिसेना म्हणून एका उलट्या बादलीवर चढला आणि कुंपणावरून वाकला.

खाली त्याच्या हनुवटीशी लीकची रांग होती. जाड, पांढरेशुभ्र, प्रत्येकाच्या गळ्यात पट्टी आणि डोक्यावर छत्री.

पुढच्या क्षणी त्याच्या तोंडावर पाण्याचा लोट आला.

"कात्री टाक!" वाफ्याच्या टोकाला नळी धरून एक म्हातारा उभा होता. उंचीने बेताचा, पण नळीचा जोर भयंकर. "टाक म्हणतो ना! रविवार साधतोस होय रे चोरा?"

"मी चोर नाही," कॅलम पाणी थुंकत म्हणाला. "माफ करा, मी त्रास देतोय, पण मी साखळीतला आहे."

"कुठल्या टोळीचा?"

"टोळी नाही. साखळी. तुमचं घर फेनविकबाई घेतायत, त्यांचं बॅनिस्टर, आणि त्यांचं मी."

नॉर्मन डॉड्सने नळी जरा खाली केली. "राहतोस कुठे?"

"बर्च रोड."

"बर्च रोडवर कुठे?"

आयुष्यात काही प्रश्नांना खोटं उत्तर द्यावं. कॅलमला ते सुचलं नाही. तो म्हणाला, "कीथ पॅटिन्सनच्या शेजारी."

नळी पुन्हा वर आली. कारण कीथ आणि नॉर्मन गेली कित्येक वर्षं एकमेकांशी फक्त प्रदर्शनाच्या टेबलावरून बोलत होते, आणि तेही आकडे. आता पुरावा पूर्ण झाला होता: पॅटिन्सनचा माणूस, हातात कात्री, पायाखाली बादली. नॉर्मनने त्याला फाटकातून आत घेतलं, त्याच बादलीवर बसवलं आणि कात्री आपल्या काखेत घेतली.

"बायको आहे का? तिला बोलाव. चांगल्या घरची असेल तर तिला कळू दे नवरा काय करतो ते."

नगरपालिकेचा परवाना अधिकारी भाजीच्या वाफ्याशेजारी, नखशिखांत भिजून, आरोपी म्हणून बसला होता. कुंपणावरून दोन शेजारी बघत होते. त्यातल्या एकाचा अर्ज कॅलमने मागच्याच महिन्यात परत पाठवला होता. तो खुर्ची घेऊन आला.

होली आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, लीककडे पाहिलं, कात्रीकडे पाहिलं. मग ती नॉर्मनकडे वळली आणि जे सहा महिन्यांत चार वकिलांपैकी एकालाही सुचलं नव्हतं ते तिने केलं. तिने विचारलं.

"आजोबा, तुम्हाला घर विकायचंय की नाही?"

"म्हणजे काय? विकायचंच आहे. मुलीने खोली रंगवून ठेवलीय माझ्यासाठी."

"मग निघत का नाही?"

नॉर्मनने वाफ्याकडे हात केला. "यांना टाकून? प्रदर्शन सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी. त्याआधी उपटले तर गेले. तिथे मुलीकडे दुसऱ्या मजल्यावर गच्चीसुद्धा नाही. मी वकिलाला एप्रिलमध्येच सांगितलं, लीक निघाले की मी निघतो. त्याने लिहून घेतलं ना."

"हंगामी अडचणी," कॅलम बादलीवरून म्हणाला.

"आणि मग माणसं येऊन माझ्या भिंती टोचायला लागली," नॉर्मन म्हणाला. "मला वाटलं, हल्ली तशीच रीत असेल. कशाला विचारा."

"घर बाईंना देऊन लीक इथेच राहू दिले तर?" होली म्हणाली. "तुम्ही रोज येऊन बघायचे."

"त्या बाई कशाला हो म्हणतील? स्वतःच्या परसात परका म्हातारा कुणाला हवाय?"

"विचारलंत त्यांना?"

"त्यांना कसं विचारणार? ओळख ना पाळख."

होलीने गाडीचं दार उघडलं. "बसा."

फेनविकबाईंनी दार उघडलं तेव्हा पायरीवर एक म्हातारा, एक ठिबकणारा तरुण आणि एक रागावलेली मुलगी उभी होती. बाईंनी आधी चहा टाकला. मग सगळं ऐकून घेतलं.

"अहो, ती बाग बघून मला फेब्रुवारीपासून झोप नाही," त्या म्हणाल्या. "नुसती काळी माती दिसली होती. एवढ्या मातीचं मी या गुडघ्यांनी करू काय, हीच काळजी. वकिलांना सांगणार होते, पण म्हटलं, हे असलं कुणाला सांगायचं?" त्यांनी नॉर्मनच्या बशीत बिस्किट ठेवलं. "तुम्ही या की रोज. पण मागच्या दाराने यायचं नाही. पुढून घंटा वाजवून यायचं आणि चहा घेऊन जायचं. मी दिवसभर कुणाशी बोललेली नसते."

नॉर्मनने बिस्किट उचललं आणि परत ठेवलं. मुलीने खोली रंगवल्यापासून त्याला कुणी 'या' म्हटलं नव्हतं, सगळे 'निघा' म्हणत होते. "मी रोज येईन," तो म्हणाला. "पण रात्रीची राखण कोण करणार? पॅटिन्सन काही झोपत नाही."

सगळ्यांनी कॅलमकडे पाहिलं.

अशा रीतीने ज्याला चोर म्हणून पकडलं तोच राखणदार नेमला गेला. सोमवारी दुपारी होलीने ब्रॅडलीला फोन करून फ्लॅट नको म्हणून सांगितलं. तेव्हा हातात काहीच नव्हतं, ना सही, ना तारीख. कॅलमने तिचा हात हातात घेतला. दोघं घोड्यांच्या चित्रांखाली बसून वेड्यासारखे हसत सुटले. मॉरीनने खालून विचारलं, "बरं आहे ना रे सगळं?"

वकिलांना मात्र हे साधं वाटेना. चौघा माणसांनी चहा पिऊन ठरवलेली गोष्ट त्यांना नियमात बसवायची होती. मग 'लीकसंबंधी करार' तयार झाला. त्यात 'सदरहू लीक' म्हणजे कोणते, त्यांच्यावर पडतो तो पाऊस कुणाच्या मालकीचा, लीक मध्येच मेल्यास फेनविकबाई जबाबदार की निसर्ग, असा सगळा बारकावा होता. लीकचा विमा कोण उतरवणार, असं एका वकिलाने विचारलं. "मी," असं नॉर्मनने स्वतःच फोन उचलून त्याला सांगितलं, "आणि तुझा पण उतरवतो, जरा लवकर कर." आता त्याला माणसांना थेट फोन करायची चटकच लागली होती. बॅनिस्टरच्या जुळ्यांचीही तो रोज चौकशी करू लागला.

दुखावला गेला तो कीथ. "शेजारी राहून शत्रूचे लीक राखतोस," तो म्हणाला. "मी तुला फ्लॅटबद्दल एवढं सांगितलं, ते कुठे गेलं?" (पुढे प्रदर्शनात पहिला कीथच आला. नॉर्मन दुसरा. दोघांनी एकमेकांचे आकडे पुन्हा मोजले. ते जाऊ द्या.)

ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारी साखळी हलायची होती. चार बिऱ्हाडं, चार गाड्या, एक दिवस. कॅलम-होली सामानाची गाडी घेऊन एल्म टेरेसच्या फुटपाथवर उभे राहिले. आत बॅनिस्टर मंडळी खोक्यांवर बसली होती, मांडीवर एकेक जुळं. पैसे पोचले, वकिलांचे फोन झाले, दुपार झाली, तरी कुणी हलेना. फेनविकबाईंच्या गाडीवाल्याचा फोन आला की बाईंचं सामान क्वारी लेनच्या दारात उभं आहे आणि दार बंद आहे. चावी नॉर्मनकडे. नॉर्मन कुठे? त्याची मुलगी गाडीत बसून हॉर्न वाजवतेय, तो घरात नाही.

कॅलमला वाटलं, गेलं. आजोबांचा विचार बदलला. माणूस चाळीस वर्षांचं घर सोडताना बदलूच शकतो, आणि त्याला कुणी नाव ठेवू शकत नाही. त्याने धीर करून नॉर्मनला फोन लावला.

"आजोबा, कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? वाफ्यावर," नॉर्मन म्हणाला. "बाईंना पाणी घालायचं शिकवतोय. खुर्चीवर बसून छान घालतायत. हात हलका आहे, पियानोचा आहे ना."

"आणि चावी?"

पलीकडे बराच वेळ खिसे चाचपल्याचा आवाज आला. "अरे देवा," नॉर्मन म्हणाला. "ही बघ. माझ्याच पँटीत."

मग जे झालं ते भराभर झालं. क्वारी लेनचं दार उघडलं, फेनविकबाईंचा पियानो आत गेला, त्यांच्या घरी बॅनिस्टरची गाडी निघाली, आणि मिसेस बॅनिस्टरने जुळ्याला दुसऱ्या खांद्यावर घेऊन होलीच्या हातावर चावी ठेवली. "मागचं दार जरा अडतं," ती म्हणाली. "खांदा लावा." आणि जाता जाता तिने होलीला मिठी मारली, जी या व्यवहारात कुठल्याच कागदावर नव्हती.

आत सगळं रिकामं होतं. आवाज घुमत होता. होली सरळ स्वयंपाकघरात गेली. कॅलम बराच वेळ तिच्यामागे गेला नाही, तेव्हा ती परत आली. तो पुढच्या दाराशी उभा होता. त्याने दार आतून लावलं, मग उघडलं, आणि पुन्हा लावलं.

"काय चाललंय?" होलीने विचारलं. "बिघडलंय का ते?"

"नाही गं," कॅलम म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवत नव्हता. "आपलं आहे ना, म्हणून लावून बघतोय."

होलीने त्याला बाजूला सारलं, दार उघडलं आणि स्वतः एकदा लावून पाहिलं.